जेम्स ब्रेडवुड

जेम्स ब्रेडवुड (३ सप्टेंबर, इ.स. १८०० – २२ जून, इ.स. १८६१) हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले अग्निशमन अधिकारी होते. इ.स. १८२४ मध्ये एडिनबर्ग येथे स्थापन झालेल्या नगरपालिकेच्या अग्निशमन दलाचे ते पहिले प्रमुख. हे दल जगातील पहिले नगरपालिका अग्निशमन दल मानले जाते. इ.स. १८३३ पासून मृत्यूपर्यंत ते लंडन फायर एंजिन एस्टॅब्लिशमेंट या दलाचे अधीक्षक होते. आगीच्या ठिकाणी एकाच अधिकाऱ्याचा हुकूम चालावा, जवानांना नियमित प्रशिक्षण मिळावे आणि पाणी दुरून न फेकता आगीच्या गाभ्यापर्यंत जाऊन मारावे, या आज गृहीत धरल्या जाणाऱ्या पद्धतींना त्यांनी प्रथम शिस्तबद्ध रूप दिले. लंडनमधील टूली स्ट्रीट येथील आगीत भिंत कोसळून त्यांचा मृत्यू झाला.

पूर्वायुष्य

ब्रेडवुड यांचा जन्म एडिनबर्ग येथे झाला. त्यांचे वडील फ्रान्सिस ब्रेडवुड लाकडी सामान बनविण्याचा व्यवसाय करीत. जेम्स हे त्यांचे दहावे अपत्य होते. एडिनबर्गच्या रॉयल हायस्कूलमध्ये शिक्षण झाल्यावर ते वडिलांच्या व्यवसायात आले आणि बांधकाम व सर्वेक्षणाचे काम शिकले. तुळया भिंतीत कशा बसवितात, छपराचा भार कशावर येतो, कोणती भिंत आधी कलते, ही माहिती त्यांना लहान वयातच मिळाली. पुढील आयुष्यात पुस्तकी ज्ञानापेक्षा तीच त्यांच्या अधिक उपयोगी पडली.

त्या काळी ब्रिटनमधील बहुतेक शहरांत आग विझविणे हे विमा कंपन्यांचे काम होते. प्रत्येक कंपनीचे स्वतःचे बंब आणि माणसे असत, आणि विमा उतरविलेल्या घरांवर कंपनीचा धातूचा बिल्ला ठोकलेला असे. कंपन्यांचे हित मालमत्तेच्या नुकसानीत गुंतलेले होते. घरात अडकलेल्या माणसांना बाहेर काढण्याची जबाबदारी कोणावर निश्चित केलेली नव्हती.

एडिनबर्गमध्ये लागोपाठ लागलेल्या आगींनंतर ही व्यवस्था अपुरी असल्याचे नगरपालिकेच्या लक्षात आले. नगरपालिका आणि विमा कंपन्या यांनी मिळून खर्च उचलावा आणि शहराचे एकच दल असावे, असे ठरले. ऑक्टोबर १८२४ मध्ये या दलाचे प्रमुख म्हणून ब्रेडवुड यांची नेमणूक झाली. तेव्हा त्यांचे वय २४ वर्षे होते.

एडिनबर्गची मोठी आग

दलाची बांधणी पुरी होण्याआधीच त्याची परीक्षा झाली. १५ नोव्हेंबर १८२४ रोजी रात्री हाय स्ट्रीटलगतच्या ओल्ड असेंब्ली क्लोज या बोळातील एका खोदकाम कारागिराच्या कारखान्यात आग लागली. जुने एडिनबर्ग शहर डोंगराच्या अरुंद सोंडेवर वसले होते. जागा नसल्यामुळे घरे उंच वाढली होती. काही इमारती दहा-अकरा मजल्यांच्या होत्या, आणि त्यांच्यामधील बोळ इतके चिंचोळे होते की बंब आत नेता येत नसत. जिन्यांना आणि जमिनींना लाकूड वापरलेले होते. एका मजल्यावर अनेक कुटुंबे राहत. अशा वस्तीत ज्वाला एका घरातून समोरच्या घरात सहज जात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आग आटोक्यात येत असल्याचे वाटत असतानाच उडत्या ठिणग्यांनी ट्रॉन कर्क या चर्चच्या शिखराने पेट घेतला. शिखर लाकडी असून त्यावर शिशाचा पत्रा मढविलेला होता. शिसे वितळून खाली ओघळू लागल्यामुळे तेथे चढलेल्या माणसांना माघार घ्यावी लागली आणि काही वेळाने शिखर कोसळले. त्याच दिवशी रात्री पार्लमेंट चौकाच्या कोपऱ्यावरील एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर दुसरी आग लागली. पाच दिवसांनंतर सर्व काही शमले तेव्हा सुमारे ४०० घरे नष्ट झाली होती आणि शेकडो कुटुंबे थंडीच्या तोंडावर रस्त्यावर आली होती. आगीत १३ जण मरण पावले. त्यांपैकी दोघे अग्निशमन दलाचे होते. उभ्या राहिलेल्या धोकादायक भिंती पाडण्यासाठी नौसैनिक आणि लष्करी अभियंते यांचे साहाय्य घ्यावे लागले.

नव्या दलावर टीका होणे साहजिक होते. परंतु चौकशीत वेगळे चित्र समोर आले. आगीच्या ठिकाणी नगराध्यक्ष, दंडाधिकारी, न्यायाधीश आणि प्रतिष्ठित नागरिक असे अनेक जण हजर होते, आणि त्यांतील प्रत्येक जण बंबवाल्यांना हुकूम देत होता. एकाने पूर्वेकडे नेलेला बंब दुसरा पश्चिमेकडे वळवीत होता. दलाचा प्रमुख कोण, हे कागदावर ठरलेले होते, पण त्याच्या अधिकाराला रस्त्यावर काही किंमत नव्हती. ब्रेडवुड यांच्यावर ठपका ठेवला गेला नाही. यापुढे आगीच्या ठिकाणी दलप्रमुखाचाच हुकूम अंतिम राहील आणि इतर कोणीही, मग तो कितीही मोठ्या पदावर असो, त्यात ढवळाढवळ करणार नाही, असा निर्णय झाला. ब्रेडवुड यांच्या कारकिर्दीतील ही सर्वांत दूरगामी घटना म्हणता येईल. एकमुखी हुकूम हे तत्त्व पुढे जगभरच्या दलांनी स्वीकारले. त्यासाठी एडिनबर्गला मोजावी लागलेली किंमत मात्र सहसा सांगितली जात नाही.

दलाची घडण

ब्रेडवुड यांनी आपल्या दलात गवंडी, सुतार, छपरे घालणारे आणि नळ कारागीर यांची निवड केली. छपरे घालणारा माणूस उंचीला भीत नाही, गवंड्याला भिंतीचे दुखणे कळते आणि सुताराला जळती तुळई किती वेळ टिकेल याचा अंदाज असतो, असा त्यामागे हिशेब होता. ही माणसे दिवसा आपापला धंदा करीत आणि बोलावणे आले की हजर होत. कवायत पहाटे घेतली जाई. त्या वेळी रस्ते मोकळे असत, शिवाय अंधारात काम करण्याची सवय होई. आगीच्या गोंगाटात आवाज पोहोचत नसल्यामुळे जहाजावर वापरतात तशा शिट्टीच्या खुणा त्यांनी ठरवून दिल्या.

त्यांच्या पद्धतीचा गाभा एका साध्या निरीक्षणावर आधारलेला होता. रस्त्यावर उभे राहून खिडकीतून धुराच्या लोटावर पाणी मारल्याने आग विझत नाही. पाणी थेट जळत्या वस्तूवर पडले पाहिजे, आणि त्यासाठी नळी धरणाऱ्याने आत शिरले पाहिजे. मात्र आत शिरण्याचे नियम त्यांनी काटेकोर ठेवले. कोणीही एकटा आत जाणार नाही, नेहमी दोघे बरोबर असतील. एकाला भोवळ आली तर दुसरा त्याला ओढून बाहेर आणील. दाट धुरात उभे राहू नये, तर ओणवे व्हावे किंवा सरपटत जावे, कारण जमिनीलगत हवेचा थोडा स्वच्छ थर राहतो. आजही शाळांमधून आगीच्या वेळी खाली वाकून बाहेर पडण्याचे जे शिक्षण दिले जाते, ते याच निरीक्षणावर आधारलेले आहे.

इ.स. १८३० मध्ये त्यांनी बंबांची रचना, जवानांचे प्रशिक्षण आणि आगीच्या वेळची कार्यपद्धती या विषयांवर पुस्तक प्रसिद्ध केले. या विषयावरील इंग्रजीतील आरंभीच्या पद्धतशीर ग्रंथांत त्याची गणना होते. उंच घरांतून माणसे उतरविण्यासाठी त्यांनी तयार केलेल्या साखळीच्या शिडीबद्दल लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेने त्यांना रौप्यपदक दिले. याच काळातील एक प्रसंग त्यांच्या चरित्रांत नेहमी येतो. एका लोखंडी सामानाच्या दुकानाला आग लागली असता आत बंदुकीची दारू असल्याचे कळले. ब्रेडवुड यांनी इतर कोणाला न पाठविता स्वतः आत जाऊन ती बाहेर आणली. ते स्वतः आखून दिलेल्या नियमांबाहेर वागले, असेही याबद्दल म्हणता येईल.

लंडनमधील कार्य

लंडनमधील दहा विमा कंपन्यांनी आपापली दले एकत्र करून लंडन फायर एंजिन एस्टॅब्लिशमेंट हे संयुक्त दल उभारले. त्याचे काम १ जानेवारी १८३३ रोजी सुरू झाले आणि ब्रेडवुड यांना अधीक्षक म्हणून बोलावण्यात आले. दलात ८० माणसे आणि १३ ठाणी होती. मुख्य ठाणे वॉटलिंग स्ट्रीट येथे होते आणि ब्रेडवुड यांचे निवासस्थानही तेथेच होते. लंडनमध्ये त्यांनी आधी खलाशी असलेल्या माणसांना प्राधान्य दिले. रात्रंदिवस पाळीने जागे राहण्याची, दोरावर चढण्याची आणि हुकूम मिळताच तो पाळण्याची सवय खलाशांना आधीच असे. हे जवान पूर्णवेळ नोकरीत होते आणि ठाण्यावर किंवा त्याच्या जवळ राहत.

दलाचा पैसा विमा कंपन्यांचा असल्यामुळे त्याचे अधिकृत काम मालमत्ता वाचविणे हेच राहिले. माणसे वाचविण्यासाठी इ.स. १८३६ मध्ये एक वेगळी धर्मादाय संस्था निघाली. तिच्या चाकांवरील उंच शिड्या रात्री रस्त्याच्या नाक्यांवर उभ्या असत आणि प्रत्येक शिडीपाशी एक माणूस पहारा देई. एकाच आगीत शिडी एका संस्थेची आणि पाणी दुसऱ्या संस्थेचे, अशी ही विभागणी होती. ब्रेडवुड यांचे जवान प्रत्यक्षात लोकांचे प्राण वाचवीत आणि विमा नसलेल्या घरांनाही पाणी देत. परंतु कायद्याने ते बांधलेले नव्हते, आणि एवढ्या मोठ्या शहराला ८० माणसे किती पुरणार, हा प्रश्न कायम होता.

१६ ऑक्टोबर १८३४ रोजी वेस्टमिन्स्टर येथील संसद भवनाला आग लागली. हिशेबासाठी पूर्वी वापरल्या जाणाऱ्या, खाचा पाडलेल्या जुन्या लाकडी पट्ट्यांचे ढीग लॉर्ड्स सभागृहाच्या खालच्या भट्ट्यांत जाळले जात होते. त्यांची धग धुराड्यांतून वर पसरली. या इमारतीचा विमा नव्हता आणि दलावर तिची जबाबदारीही नव्हती. तरीही ब्रेडवुड १२ बंब आणि ६४ माणसे घेऊन तेथे गेले, म्हणजे उरलेले सर्व लंडन त्या रात्री जेमतेम सोळा माणसांच्या भरवशावर होते. दोन्ही सभागृहे वाचणार नाहीत हे स्पष्ट झाल्यावर सर्व बळ मध्ययुगीन वेस्टमिन्स्टर हॉल वाचविण्याकडे वळविण्यात आले. बंब थेट दालनात आणून त्याचे जुने ओक लाकडाचे छत सतत भिजवत ठेवले गेले. पुढे वाऱ्याची दिशा बदलल्याचाही लाभ झाला. हे दालन आजही उभे आहे.

या आगीनंतर अग्निशमन ही शासनाची जबाबदारी असावी अशी मागणी पुढे आली. परंतु ती मान्य होण्यास आणखी तीस वर्षे लागली. १० जानेवारी १८३८ रोजी रॉयल एक्स्चेंज ही इमारत जळाली, तेव्हा कडाक्याच्या थंडीने रस्त्यावरील पाण्याची तोंडेच गोठली होती. इ.स. १८४१ मध्ये टॉवर ऑफ लंडनमधील शस्त्रागार नष्ट झाले.

वाफेवर चालणाऱ्या बंबांना ब्रेडवुड यांनी दीर्घकाळ विरोध केला. असा बंब लंडनमध्ये इ.स. १८३० च्या सुमारासच तयार झाला होता. जोरदार फवारा हाती आला की जवान लांब उभे राहतील आणि आत शिरण्याची शिस्त मोडेल, अशी त्यांना भीती वाटे. दलाने वाफेचा पहिला रस्त्यावरचा बंब इ.स. १८६० मध्ये, तोही भाड्याने घेतला. या बाबतीत त्यांचा अंदाज चुकला, असे नंतरच्या घडामोडींवरून दिसते. हाताने बंब चालविण्यासाठी दर वेळी रस्त्यावरच्या गर्दीतून डझनावारी माणसे मजुरीवर गोळा करावी लागत.

वखारींविषयीचे इशारे

थेम्स नदीच्या काठी या काळात प्रचंड वखारी उभ्या राहत होत्या. मधल्या भिंती नसलेली, एकमेकांस जोडलेली आणि पाच-सहा मजली अशी ही गोदामे होती. ब्रेडवुड यांनी त्यांविरुद्ध अनेक वर्षे इशारे दिले. इ.स. १८४९ मध्ये स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी अग्निरोधक म्हणविल्या जाणाऱ्या इमारतींवर टीका केली. ओतीव लोखंडाचा खांब तापल्यावर कमजोर होतो आणि त्यावर थंड पाणी पडताच तडकतो. जाड लाकडी खांब हळूहळू जळतो आणि कोसळण्याआधी सूचना देतो, लोखंडी खांब मात्र काहीच सूचना देत नाही. या कारणास्तव लोखंडी खांबांची वखार एकदा पूर्ण पेटली की तिच्यात शिरण्यास त्यांनी आपल्या जवानांना मनाई केली होती.

इ.स. १८५४ मध्ये त्यांनी बांधकाम खात्याच्या मंत्र्यांना पत्र पाठवून, अशी एखादी वखार पेटल्यास ती विझविणे आपल्या दलाच्या शक्तीबाहेरचे असेल, असे कळविले. पुढच्या वर्षीच्या इमारतविषयक कायद्यात वखारीच्या एका भागासाठी २,१६,००० घनफुटांची मर्यादा घालण्यात आली. प्रत्येक बाजूस ६० फूट असलेल्या खोलीचे हे आकारमान होते. भिंतीतील दारे उघडी राहिली तर मात्र ही मर्यादा निरर्थक ठरत होती.

टूली स्ट्रीटची आग आणि मृत्यू

२२ जून १८६१ हा शनिवार होता. सायंकाळी पाचच्या सुमारास लंडन ब्रिजजवळ, नदीच्या दक्षिण काठावरील कॉटन्स व्हार्फ या धक्क्यावरील वखारीत आग दिसली. तागाच्या गासड्या आपोआप तापून पेटल्या असाव्यात, असे मानले जाते. बंगालमधून येणाऱ्या तागाचा व्यापार तेव्हा वाढत होता आणि ओलसर, दाबून बांधलेल्या गासड्यांचा हा धोका व्यापाऱ्यांना अपरिचित नव्हता. वखारींत तागाखेरीज कापूस, चरबी, साखर, चहा, तांदूळ, मसाले आणि सोरा साठविलेला होता. एका वखारीतून दुसरीत आग जाऊ नये म्हणून लोखंडी दारे बसविलेली होती, परंतु त्यांतील काही उघडीच राहिली होती.

ब्रेडवुड लवकरच घटनास्थळी पोहोचले. ओहोटीमुळे नदीतील तरंगते बंब काठाजवळ आणता येईनात, आणि पाणी चढल्यावर धगीमुळे त्यांना मागे हटावे लागले. वितळलेली चरबी जळत-जळत रस्त्यावरून आणि नदीच्या पृष्ठभागावरून वाहू लागली. नळ्या धरून उभ्या असलेल्या जवानांना धग असह्य होत होती. ब्रेडवुड एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी फिरत त्यांची पाळी बदलत होते आणि प्रत्येकाला थोडी ब्रँडी देत होते. हाताला जखम झालेल्या एका जवानाला त्यांनी आपल्या गळ्यातील रेशमी रुमाल सोडून बांधला, असे सांगितले जाते.

सुमारे साडेसातच्या वेळी वखारीत स्फोट झाला आणि बाहेरची भिंत फुगून बोळात कोसळली. नदीच्या बाजूस असलेल्या जवानांकडे निघालेले ब्रेडवुड आणि त्यांचे एक सहकारी तिच्याखाली सापडले. सोबत्यांनी ढिगाऱ्याकडे धाव घेतली, परंतु लगोलग आणखी विटा पडू लागल्याने आणि ज्वाला बाहेर आल्याने कोणालाही जवळ जाता आले नाही. शव बाहेर काढण्यास दोन दिवस लागले. आग दोन आठवडे धुमसत राहिली. नुकसान सुमारे २० लाख पौंडांचे झाले. नदीवर तरंगणारी चरबी गोळा करण्यासाठी होड्या घेऊन गेलेले काही जणही प्राणास मुकले.

ब्रेडवुड आपल्या जवानांना लोखंडी खांबांच्या वखारीत शिरू देत नसत. मात्र बाहेरच्या भिंतीजवळ उभे न राहता पाणी मारणे त्या अरुंद बोळांत शक्य नव्हते, आणि आपण पाठविलेल्या माणसांपासून दूर राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. दल अधिक मोठे असते किंवा वखारी लहान असत्या तर ते त्या ठिकाणी उभे असतेच असे नाही.

अंत्यसंस्कार २९ जून रोजी झाले. अंत्ययात्रा सुमारे दीड मैल लांबीची होती. शहरातील दुकाने बंद राहिली, आणि सेंट पॉल्स वगळता सिटी भागातील सर्व चर्चच्या घंटा वाजविण्यात आल्या. विमा कंपन्यांच्या एका नोकरासाठी लंडनने असे कधी केले नव्हते. स्टोक न्यूइंग्टन येथील ॲबनी पार्क दफनभूमीत त्यांना त्यांच्या सावत्र मुलाशेजारी पुरण्यात आले. हा मुलगाही दलात होता आणि सहा वर्षांपूर्वी आगीतच मरण पावला होता. ब्रेडवुड यांच्या गणवेशाची बटणे जवानांमध्ये आठवण म्हणून वाटण्यात आली.

परिणाम व स्मारके

टूली स्ट्रीटच्या नुकसानभरपाईने विमा कंपन्या हादरल्या. त्यांनी विम्याचे दर वाढविले आणि शहराच्या रक्षणाचा भार यापुढे आपण उचलणार नाही, असे शासनास कळविले. इ.स. १८६२ मध्ये संसदीय समितीने या प्रश्नाची चौकशी केली. इ.स. १८६५ मध्ये संमत झालेल्या कायद्यानुसार १ जानेवारी १८६६ पासून मेट्रोपॉलिटन फायर ब्रिगेड हे सार्वजनिक दल अस्तित्वात आले. मालमत्तेबरोबरच माणसांचे प्राण वाचविणे हे या दलाचे कर्तव्य असल्याचे कायद्यात नमूद करण्यात आले. नाक्यांवरील शिड्याही इ.स. १८६७ मध्ये त्याच्या ताब्यात आल्या. ब्रेडवुड यांच्या जागी आलेले एअर मॅसी शॉ हे या दलाचे पहिले प्रमुख झाले. वाफेच्या बंबांचा वापर त्यांनी झपाट्याने वाढविला.

ब्रेडवुड यांचे लेखन एकत्र करून इ.स. १८६६ मध्ये लंडन येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. टूली स्ट्रीट परिसरात त्यांचा स्मृतिफलक आहे. एडिनबर्गच्या पार्लमेंट चौकात, इ.स. १८२४ च्या आगीने वेढलेल्या जागेजवळ, त्यांचा पुतळा सप्टेंबर २००८ मध्ये उभारण्यात आला.